सीटी स्कॅनरची एक्स-रे ट्यूब बदलल्यावर ४०० एमएला (मिलिअँपिअर, ट्यूबमधला करंट) आउटपुट कमी येतंय. एमए गेन वाढवायचा की फिलामेंट कॅलिब्रेशन करायचं?

गॅन्ट्रीमागे

ट्यूब नवी बसवली आहे. अलाइनमेंट, एअर कॅलिब्रेशन, पाण्याच्या फँटमचा (चाचणीच्या नमुन्याचा) सीटी नंबर, सगळं मर्यादेत. एरर लॉग कोरा. तरी आउटपुट तपासताना दोन गोष्टी खटकतात.

मांडणी अशी: १०० मिलिमीटरचा पेन्सिल चेंबर (डोस मोजणारा) आयसोसेंटरला, म्हणजे फेरीच्या केंद्रावर, हवेत, फँटमशिवाय. अ‍ॅक्सियल स्कॅन, टेबल स्थिर, रोटेशन १ सेकंद, लार्ज फोकस, कोलिमेशन सगळीकडे एकच, एमए मॉड्युलेशन (फेरीत एमए आपोआप कमीजास्त करणं) बंद. प्रत्येक पायरीला तीन एक्सपोजर घेऊन सरासरी.

१२० केव्हीला (किलोव्होल्ट, ट्यूबवरचं व्होल्टेज) ५० एमएवर १२.१ मिलिग्रे, १०० वर २४.२, २०० वर ४८.२, ३०० वर ७१.४ आणि ४०० वर ९१.६. प्रति एमएएस (एमए गुणिले सेकंद) काढलं तर ०.२४२, ०.२४२, ०.२४१, ०.२३८ आणि शेवटी एकदम ०.२२९. कन्सोल मात्र ४०० च्या पायरीला ३९८ ते ४०१ दाखवतो.

८० केव्हीला १०० एमएवर ७.९ मिलिग्रे येतात. त्या हिशेबाने ३०० वर २३.७ यायला हवेत, येतात २३.५. घट किरकोळ आहे, पण स्कोपवर एमएचा आलेख २६४ वर उगवतो आणि ३०० गाठायला १२० मिलिसेकंद घेतो. १२० केव्हीला हाच आलेख पहिल्यापासून सपाट आहे.

लिनिअ‍ॅरिटीचा गुणांक, म्हणजे ३०० आणि ४०० च्या प्रति एमएएस आकड्यांतला फरक भागिले त्यांची बेरीज, ०.०१९ येतो. ०.१ ची नेहमीची मर्यादा धरली तर कागदावर पास. तरी मनाला पटत नाही. ४०० साठी एमए गेन थोडा वाढवावा का?

---

एचटीटँक

गेनला हात लावू नका. निदान अजून तरी नाही.

ट्यूबचा एमए दोन ठिकाणी ठरतो आणि ‘एमए कॅलिब्रेशन’ या एकाच नावाखाली दोन्ही खपवले जातात. पहिलं ठिकाण मोजण्याचं. एचटी टँकमध्ये (ट्यूबला हाय टेन्शन पुरवणाऱ्या टाकीत) ट्यूब करंट एका रेझिस्टरमधून परत येतो, त्यावरचं व्होल्टेज म्हणजे जनरेटरच्या लेखी एमए. एमए गेन इथला. दुसरं ठिकाण फिलामेंट टेबल (फिलामेंट म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारी तापलेली तार): अमुक केव्ही आणि अमुक एमएसाठी फिलामेंटला सुरुवातीला किती अँपिअर द्यायचे. एक्सपोजर सुरू होताना टेबल बोलतं, नंतरच्या काही मिलिसेकंदांत फीडबॅक लूप (मोजलेला एमए बघून फिलामेंट करंट सुधारणारा) ताबा घेतो.

आता मोजणारा रेझिस्टर किंवा त्यापुढचा अ‍ॅम्प्लिफायर ५ टक्के जास्त दाखवत असेल तर लूप इमानेइतबारे खरा एमए तेवढा खाली आणेल आणि कन्सोलवर ४०० च दिसेल. आपणच पेपर काढायचा आणि आपणच तपासायचा, तसला प्रकार. म्हणून कन्सोलचा ३९८ हा पुरावा धरू नका.

पण तुमच्या आकड्यांत गेनची चूक दिसत नाही. गेन चुकला असता तर पाचही पायऱ्या सारख्याच प्रमाणात घसरल्या असत्या. शून्य सरकलं असतं तर खालच्या टोकाला बोंब झाली असती: २ एमएची चूक ५० वर ४ टक्के, ४०० वर जेमतेम अर्धा टक्का. तुमचे ५० आणि १०० एकमेकांना चिकटून आहेत. गेन वाढवून ४०० जुळवलात तर बाकीच्या चार पायऱ्या बिघडवाल.

आणखी एक. पाण्याचा सीटी नंबर शून्य आला यावरून एमएबद्दल काहीही सिद्ध होत नाही. रेफरन्स डिटेक्टर प्रत्येक व्ह्यूला (फेरीतल्या एकेका मोजणीला) ट्यूबच्या आउटपुटने भागतो, त्यामुळे एमए कमीजास्त झाला तरी पाणी शून्यावरच राहतं. नॉइजवरूनही कळायचं नाही: आउटपुट ५.४ टक्के घसरलं तर नॉइज फक्त २.८ टक्के वाढतो, कारण संबंध वर्गमुळाचा. इमेज बघून कोणी सांगणार नाही.

खरा एमए बघायचाच असेल तर एचटी केबलवर क्लॅम्प मीटर लावा. कॅथोडच्या केबलमध्ये फिलामेंटची जाणारी आणि येणारी तार दोन्ही असतात, त्यांचा करंट एकमेकांना खाऊन टाकतो आणि उरतो तो निव्वळ ट्यूब करंट. क्लॅम्प जागेवर बंद करून, ट्यूबचा रोटर (अ‍ॅनोड फिरवणारा) फिरत असताना झीरो करा, नाहीतर आसपासचं चुंबकीय क्षेत्रही एमए म्हणून मोजलं जाईल. बाणाची दिशा बघा. अ‍ॅनोड आणि कॅथोड दोन्हीकडे केव्ही असलेली धातूच्या आवरणाची ट्यूब असेल तर दोन्ही बाजूंचे एमए एक येणार नाहीत: अ‍ॅनोडवरून उसळलेले काही इलेक्ट्रॉन अर्थ केलेल्या आवरणात जातात, म्हणून कॅथोडचा आकडा मोठा. मॅन्युअल कुठली बाजू धरतं ते वाचून तीच मोजा.

---

तांब्याचीपट्टी

क्लॅम्पच्या आधी एक स्वस्तातला प्रयोग करा. कव्हर न उघडता होतो.

४०० वर आउटपुट कमी येण्याची तीन कारणं संभवतात. एक, एमए खरोखर कमी आहे. दोन, एमए बरोबर पण जास्त लोडला केव्ही खाली बसतोय. तीन, ट्यूब ठीक आहे आणि चेंबरच कमी मोजतोय, म्हणजे डोस रेट वाढल्यावर आयन गोळा होण्याआधीच पुन्हा जुळतात.

ट्यूब वर १२ वाजताच्या जागी पार्क करा, सर्व्हिस मोडमधून गॅन्ट्री (ट्यूब फिरवणारा भाग) न फिरवता १ सेकंदाचं एक्सपोजर द्या. आधी मोकळ्या बीममध्ये १०० आणि ४०० एमएची रीडिंग घ्या. मग चेंबरच्या वर काही सेंटिमीटरवर २ मिलिमीटर तांब्याचा पत्रा ठेवा. बीमची पूर्ण रुंदी झाकली गेली पाहिजे. पुन्हा १०० आणि ४००. दोन्ही वेळा ४०० च्या रीडिंगला १०० च्या रीडिंगच्या चौपटीने भागा.

एमए कमी असेल तर हे गुणोत्तर पत्र्याने बदलणार नाही, कारण स्पेक्ट्रम तोच, फक्त फोटॉन कमी. चेंबरची चूक असेल तर पत्र्यामागे डोस रेट पडतो आणि घट जवळपास नाहीशी होते. केव्ही बसत असेल तर उलट, पत्र्यामागे घट वाढते. मोकळ्या बीममध्ये आउटपुट केव्हीच्या साधारण अडीचाव्या घाताने बदलतं. पत्र्यातून फक्त वरच्या ऊर्जेचे फोटॉन पार होतात आणि केव्ही घसरला की पहिला फटका त्यांनाच बसतो, म्हणून तिथे घात चारच्या जवळ जातो.

पत्रा जागचा हलू देऊ नका, आणि दोन एक्सपोजरमध्ये अ‍ॅनोडला श्वास घेऊ द्या. १२० केव्ही, ४०० एमए, १ सेकंद म्हणजे ४८,००० जूल, हीट युनिटमध्ये सुमारे ६५,०००. अशी चाळीस एक्सपोजर एकापाठोपाठ दिलीत तर थंड होण्याचा भाग सोडून २६ लाख हीट युनिट जमतात.

---

गॅन्ट्रीमागे

केला. मोकळ्या बीममध्ये गुणोत्तर ०.९४६. पत्र्यामागे १०० वर ५.२० मिलिग्रे, ४०० वर १९.०७, म्हणजे ०.९१७. घट ५.४ वरून ८.३ टक्के झाली.

म्हणजे केव्ही?

---

ब्रशब्लॉक

केव्हीच. अडीचाव्या घाताने उलट हिशेब केला तर ५.४ टक्क्यांसाठी केव्ही २.२ टक्के घसरायला हवा, म्हणजे १२० च्या जागी ११७.४ च्या आसपास. एवढ्याशा घटीला एरर उठत नाही, म्हणून लॉग कोरा.

स्कोपवर चार आलेख एकत्र घ्या: केव्ही फीडबॅक, एमए फीडबॅक, इन्व्हर्टरचा ड्राइव्ह (कंट्रोल बोर्डाची मागणी) आणि डीसी बस (इन्व्हर्टरला मिळणारा सप्लाय). १०० एमएला आणि ४०० एमएला. ४०० ला ड्राइव्ह वरच्या मर्यादेला टेकलेला दिसला तर कंट्रोल बोर्ड निर्दोष आहे. तो मागतोय, खालून मिळत नाही. ड्राइव्हला जागा शिल्लक आहे, केव्ही फीडबॅक १२० दाखवतोय आणि बाहेरच्या केव्ही मीटरवर ११७ येतायत, तर मात्र केव्ही डिव्हायडर (केव्ही मोजणारा भाग) संशयित.

पहिला प्रकार जास्त भेटतो. ज्या यंत्रांत स्लिप रिंगवरून (ब्रशमार्फत फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कड्यावरून) डीसी बस पुढे जाते तिथे हिशेब सोपा आहे. ५६० व्होल्टच्या बसवर ४८ किलोवॅट म्हणजे सुमारे ८६ अँपिअर, इन्व्हर्टरचे लॉसेस वेगळे. वाटेत कुठेही ०.१ ओहमचा जास्तीचा रेझिस्टन्स आला तर तिथे साडेआठ व्होल्ट जातात आणि त्या एका जागी साडेसातशे वॅटच्या आसपास उष्णता निघते. स्कॅन एक-दोन सेकंदांचा असल्यामुळे धूर निघत नाही, पण ब्रशच्या टोकाला निळसर-काळा डाग, रिंगवर चरा, लगचा (केबलच्या टोकाच्या जोडाचा) रंग गेलेला, असलं काहीतरी सापडतं.

मीटर लोडखाली लावा. नुसतं कंटिन्युइटी बघून ब्रश पास करू नका. मल्टिमीटरच्या दोन मिलिअँपिअरला खराब ब्रशही चांगलाच वाटतो. स्थिर बाजूला आणि फिरत्या बाजूला बस व्होल्टेज एकाच एक्सपोजरमध्ये मोजा. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर दोष स्लिप रिंगच्या अलीकडे, म्हणजे येणारी लाइन, कॉन्टॅक्टर, ट्रान्सफॉर्मरचा टॅप. फिरत्या बाजूलाच जास्त घट असेल तर ब्रश, स्प्रिंग, किंवा ट्यूब बदलताना काढून परत लावलेला एखादा लग. ट्यूब बदलल्यानंतर आलेली तक्रार आहे, मी आधी लग बघेन.

घट एक्सपोजरच्या पहिल्या क्षणापासून पूर्ण आहे की हळूहळू वाढतेय तेही टिपा. लगेच आली तर रेझिस्टन्स. हळूहळू वाढली तर कपॅसिटर बँक रिकामी होतेय किंवा जोड तापतोय.

हे सगळं करताना रोटेशन लॉक पिन लावलेली, सप्लाय बंद करून टॅग, आणि हात घालण्याआधी बस कपॅसिटरवर मीटर. डिस्चार्जचा दिवा विझला यावर विसंबू नका. दिवाही जातो. प्रोब आधी जोडा, खोलीबाहेर या, मगच एक्सपोजर द्या.

---

फिलामेंटकाका

४०० चं उत्तर मिळालं, पण ८० केव्हीचं दुखणं वेगळं आहे. ३०० एमएला फक्त २४ किलोवॅट लागतात, तिथे लाइन किंवा ब्रशचा संबंध नाही. ते फिलामेंट टेबल आहे.

सर्व्हिस मेनूमध्ये प्रत्येक केव्ही आणि फोकसच्या टेबलावर तारीख बघा. माझा अंदाज, १२० च्या लार्ज फोकसला नवी तारीख असेल आणि ८० ला जुन्या ट्यूबची. ऑटो कॅलिब्रेशन अर्ध्यात थांबलं किंवा फक्त एका केव्हीला चालवलं की असंच होतं.

जुनं टेबल नव्या ट्यूबला कमी का पडतं ते बघा. फिलामेंटवरून टंगस्टन उडत राहतं, तार बारीक होते आणि त्याच तापमानाला पोचायला तिला कमी करंट पुरतो. म्हणजे ट्यूबचं वय वाढेल तसे टेबलातले अँपिअर उतरत जातात. ते उतरलेले आकडे जाड, कोऱ्या फिलामेंटला दिले की ती थंड राहते आणि एमए खालून सुरू होतो. तुमचा २६४ तोच. (उलटही लक्षात ठेवा: महिनोन् महिने हळू उतरणारे अँपिअर एका आठवड्यात भराभर उतरायला लागले तर तार एका जागी पातळ झाली आहे. पुढची ट्यूब मागवून ठेवा.)

संवेदनशीलता किती ते सांगतो. फिलामेंट २४०० केल्विनच्या आसपास असताना तापमान १ टक्का, म्हणजे २४ अंश, वाढलं तर उत्सर्जन सुमारे पाव पटीने वाढतं. फिलामेंट करंट १ टक्का वाढवला तर उत्सर्जन दहा टक्क्यांहून जास्त. ५.०० च्या जागी ५.०५ अँपिअर ही ‘जवळपास तेच’ म्हणण्यासारखी गोष्ट नाही. टेबल तीन दशांश स्थळांपर्यंत असतं ते हौसेखातर नाही.

८० केव्हीला यात स्पेस चार्जची भर. फिलामेंटसमोर इलेक्ट्रॉनचा ढग साचतो आणि कमी केव्हीला तो पुरता ओढला जात नाही. त्यामुळे तेवढ्याच एमएला जास्त फिलामेंट करंट लागतो आणि लूपने करंट वाढवला तरी एमए आळसावून चढतो. तुमचे १२० मिलिसेकंद यातूनही आलेले आहेत. १ सेकंदाच्या रोटेशनमध्ये ही तूट सरासरीत विरघळते, म्हणून २३.५ आणि २३.७ एवढाच फरक. पण ०.३५ सेकंदाच्या रोटेशनला १२० मिलिसेकंद म्हणजे १२३ अंश. फेरीचा तिसरा हिस्सा कमी फोटॉनवर.

कॅलिब्रेशन असं करा. आधीची सगळी टेबलं बाहेर सेव्ह करा. ट्यूब वॉर्मअप पूर्ण करा. थंड ट्यूबवर थेट वरच्या केव्हीला गेलात तर आर्क होतील आणि ती रीडिंग फेकूनच द्यावी लागतील. फिलामेंट बंद ठेवून केव्ही देण्याची सोय सर्व्हिस मोडमध्ये असेल तर तसं एक एक्सपोजर घ्या: एमए शून्य दिसला पाहिजे. दिसला नाही तर तो शून्याचा ऑफसेट आहे किंवा टँक-केबलमधली गळती, आणि तो निस्तरल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. केव्ही चढताना एमएवर क्षणभर टोक दिसतं ते केबल चार्ज होण्याचं, त्याला गळती समजू नका. मग प्रत्येक केव्ही, प्रत्येक फोकस, खालच्या एमएकडून वर. छोटी एक्सपोजर. फिलामेंटच्या कमाल मर्यादेला कुठेही ओलांडायचं नाही, ८० केव्हीला वरची पायरी गाठता येत नसेल तर ती पायरी बंदच ठेवायची.

झाल्यावर मशीनच्या ‘पास’वर थांबू नका. फिलामेंट अँपिअर आडव्या अक्षावर आणि एमए उभ्या लॉग अक्षावर मांडा. १२० आणि १४० ला बिंदू जवळपास सरळ रेषेत पडतात. ८० ला वरचं टोक खाली वाकतं, ते स्पेस चार्जमुळे आणि ते बरोबर आहे. मधलाच एखादा बिंदू रेषेबाहेर उडाला असेल तर त्या एक्सपोजरला आर्क झाला होता किंवा ट्यूब स्थिरावली नव्हती. तेवढाच पुन्हा घ्या. वाकलेल्या भागात मशीन दोन दूरच्या बिंदूंमध्ये सरळ रेषा मारतं आणि मधल्या एमएला चुकतं, म्हणून ८० ला २०० च्या वर बिंदू दाट घ्या.

शेवटी प्रीहीट, म्हणजे एक्सपोजरआधी फिलामेंट तापवणं. एमए खालून चढत असेल तर टेबलातला सुरुवातीचा आकडा कमी, वरून उतरत असेल तर जास्त. वरून उतरणं जास्त त्रासदायक, कारण लूप फिलामेंटला तापवू शकतो, थंड करू शकत नाही. ती आपली आपण निवते. मॉड्युलेशनलाही हीच मर्यादा. ०.५ सेकंदाच्या फेरीत एमए सेकंदाला चार वेळा वरखाली होतो आणि उतरता भाग नेहमी मागे राहतो. कॅलिब्रेशनच्या वेळी मॉड्युलेशन बंद ठेवलंत ते बरं केलंत.

---

नवाबायोमेड

मध्येच विचारतो, सर. दुसऱ्या एका यंत्रावर स्मॉल आणि लार्ज दोन्ही फोकसला एमए सगळ्याच पायऱ्यांवर खूप कमी येतोय आणि कॅलिब्रेशन ‘फिलामेंट मर्यादा’ म्हणून थांबतंय. ट्यूब नवीच आहे. फिलामेंट खराब निघाली असेल का?

---

फिलामेंटकाका

दोन्ही फिलामेंट एकदम खराब निघत नाहीत. कॅथोडच्या केबलमध्ये स्मॉल, लार्ज आणि कॉमन अशा तीन तारा असतात. कॉमन तुटली किंवा जागा चुकली तर करंट दोन्ही फिलामेंटमधून सिरीजमध्ये जातो आणि एकही पुरेशी तापत नाही. ट्यूबकडचं टोक काढून तिन्ही पिनांमध्ये ओहम मोजा. कॉमन ते स्मॉल आणि कॉमन ते लार्ज यांची बेरीज स्मॉल ते लार्ज एवढी यायला हवी. आकडे एक-दोन ओहमच्या खालचे असतात, त्यामुळे मीटरच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करा.

ओहम जुळले तर केबलचं टोक आणि कॅथोडची विहीर (ते टोक बसतं ती खोबण) पुसून बघा. ग्रीस जळून पिनांमध्ये कार्बनची रेघ पडली असेल तर करंट तिथूनच आडवाटेने जातो. ड्रायव्हर पूर्ण अँपिअर मोजतो, फिलामेंटला पोचतात त्याहून कमी. पुन्हा बसवताना ग्रीसमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

---

गॅन्ट्रीमागे

फिरत्या बाजूला बस ४०० एमएवर स्थिर बाजूपेक्षा १४ व्होल्टने खाली होती आणि ड्राइव्ह मर्यादेला टेकलेला. पॉझिटिव्हच्या ब्रश ब्लॉकमध्ये एका ब्रशची स्प्रिंग खोबणीत अडकली होती आणि इन्व्हर्टरकडचा एक लग अर्धवट आवळलेला. दोन्ही निस्तरल्यावर ४०० ला ९६.१ मिलिग्रे, प्रति एमएएस ०.२४०. एमए गेन जसा होता तसाच.

८० च्या टेबलावर खरंच जुनी तारीख होती. ८०, १०० आणि १४० तिन्ही नव्याने चालवले. ८० ला ३०० एमए आता २९६ वर सुरू होतो आणि १५ मिलिसेकंदांत बसतो.

एअर कॅलिब्रेशन आधीचं चालेल ना?

---

एचटीटँक

नाही. ते ११७ केव्हीच्या स्पेक्ट्रमवर झालंय, निदान वरच्या एमएला तरी. सगळ्या केव्हींना एअर कॅलिब्रेशन पुन्हा, मग पाण्याचा सीटी नंबर आणि एकसारखेपणा, आणि शेवटी १६ आणि ३२ सेंटिमीटरच्या फँटममध्ये सीटीडीआय (सीटीच्या डोसचा निर्देशांक) मोजून कन्सोलच्या आकड्याशी ताडून बघा. क्लॅम्प मिळाला तर १०० आणि ४०० ला खरा एमए एकदा टिपून ठेवा आणि त्याच दिवसाचे फिलामेंट अँपिअर त्याच्या शेजारी लिहा. सहा महिन्यांनी तुलना करायला तोच कागद लागेल.